पुरवणी प्रश्न

मला हळवं बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. उभी नोकरी वळसंगच्या शाळेत काढली. पहिलीच्या पोरांची नाकं पुसली, दुसरीच्यांचे कान पिरगाळले. आता सोलापुरात लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते. लेक पुण्याला, आणि मी इथं टीव्हीच्या सोबतीनं. वळसंगचं कोणी दवाखान्याला नाहीतर कोर्टकचेरीला सोलापुरात आलं की माझ्या दारात चपला काढतंच. "बाई, वाईच टेकतो," म्हणतात आणि चहा होऊन दुसरा चहा होईस्तोवर हलत नाहीत. एका सकाळी अशाच दारात श्रीमंत व्हनमाने आणि त्यांची सून सुकन्या येऊन उभी राहिली.

श्रीमंत म्हणजे मेंढरांमागं आयुष्य गेलेला माणूस. बोलायचं झालं की आधी घसा खाकरणार, आणि खाकरून झाल्यावर गप्प बसणार. त्यामुळं सुकन्याच बोलली.

"बाई, दिल्लीवरनं परत त्येच उत्तर आलंय. ह्या नावाचा माणूसच तितं न्हाय म्हंत्यात."

कोणाबद्दल बोलते ते मला माहीत होतं. सगळ्या वळसंगाला माहीत होतं. सुकन्येचा नवरा मल्हार, श्रीमंत-केराबाईंचा एकुलता एक, माझ्या हाताखालून गेलेला पोरगा. परदेशात हॉटेलात स्वयंपाकाचं काम आहे असं सांगून एजंटानं त्याला नेलं, आणि तिकडं उतरल्यावर अंगावर लष्करी कपडे चढवून लढाईवर धाडलं. त्या देशाचं नाव मी घेत नाही. आपलं सरकार त्याला मित्र म्हणतं, म्हणू दे बापडं. मल्हारचे सुरुवातीला फोन यायचे. 'बर्फ लई हाय, आवाज लई येतो, आईला सांगू नका,' एवढंच बोलायचा. मग फोन थांबले. थंडी सरली, उन्हाळा गेला, बेंदराला बैल रंगवून झाले, तरी फोन नाही.

सुकन्या भिंतीला टेकून बसली होती. पोरगी तशी खमकी. अक्कलकोटकडची, रागावली की कानडीत पुटपुटते. पण त्या दिवशी रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, "बाई, मला येकच पायजे. हायेत का न्हाईत. असतील तर वाट बघते. नसतील तर रडते. सोनम इचारती, पप्पा कवा येनार, तिला काय तरी खरं सांगते. पन ह्ये मदलं मला जमंना झालंय."

"अर्ज कोणाच्या नावानं केला होता?" मी विचारलं.

मग श्रीमंतनी घसा खाकरला आणि चक्क बोलले, "मल्हार श्रीमंत व्हनमाने."

मी कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, त्या नावाचा माणूस परदेशात गेलाच नव्हता, तर तो दिल्लीला सापडणार कुठून?

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. केराबाईंची आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली. तिसरा हा. बारशाला आत्यानं नाव ठेवलं इंद्रजीत. ग्रामसेवकानं तेच लिहून घेतलं. पोरगं चालायला लागलं आणि त्यालाही ताप चढला, झटके यायला लागले. बिरुदेवाच्या पुजाऱ्यानं सांगितलं, ह्या नावाला मरणानं पाहिलंय, हे नाव सोडा. मग केराबाईंनी एका काळ्या फडक्यात नारळ बांधला, शिवेवर नेऊन ठेवला, इंद्रजीत म्हणून तीनदा हाक मारली आणि मागं वळून न बघता घरी आल्या. नाव सोडलं म्हणजे त्या नावाचं पोर मरणाला देऊन टाकलं. घरात उरला तो मल्हार. पोरगं बरं झालं. त्या दिवसापासून व्हनमान्यांच्या घरात ते नाव कोणी उच्चारलेलं नाही. उच्चारलं, तर शिवेवरचं मरण 'ओ' देतं म्हणे.

शाळेत घालायला आल्या तेव्हा केराबाईंनी मला बजावलं होतं, "बाई, पुस्तकात काय बी लिवा. हाक मल्हारच मारायची." पुढं आधार कार्ड, पासपोर्ट, सगळ्यावर जन्माच्या दाखल्यावरचंच नाव चढत गेलं. मल्हारनं ते आईला कधी कळू दिलं नाही. आणि केराबाईंनी पुतण्याकडून अर्ज लिहून घेतला तो अर्थात मल्हारच्या नावानं.

"तुला पासपोर्टावरचं नाव ठाऊक होतं ना गं?" मी सुकन्येला विचारलं.

"ठाव हाय की. पन आत्ती घेऊ देत न्हाईत," ती म्हणाली. सासूला ती आत्ती म्हणते. "आन् म्या तरी कसं घिऊ बाई? नवऱ्याचं नाव, त्यात त्ये नाव."

नातीच्या हातात मोबाइल आला, तरी बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यातच. मी तिच्यावर ओरडणार होते. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि चहा ठेवायला उठले.

खासदारांच्या कचेरीत मीच त्यांना घेऊन गेले. तिथं पंचाक्षरी म्हणून साहेबांचे स्वीय सहायक बसतात. कपाळाला भस्माचे पट्टे, कानाला फोन, माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, अधिवेशन तोंडावर आहे. आम्ही प्रश्न टाकू. परराष्ट्रमंत्र्यांना उत्तर द्यावं लागेल."

"काय विचारणार?"

"महाराष्ट्रातले किती तरुण असे अडकले, किती परत आले, किती मयत, सरकारनं काय पावलं उचलली."

"आणि मल्हार?"

"एकट्या माणसावर प्रश्न घेत नाहीत हो. प्रश्नात आकडा बसतो, माणूस बसत नाही." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाले, "पण त्याला वाट आहे. मंत्र्यांचं उत्तर झालं की साहेबांना पुरवणी प्रश्न विचारता येतो. तिथं साहेब नाव घेतील. भर सभागृहात नाव घेतलं की मंत्र्याला काहीतरी बोलावंच लागतं. नाव मात्र पासपोर्टावरचं पाहिजे. आणि घरच्यांनी स्वतः येऊन सांगितलेलं पाहिजे. उद्या कोणी म्हणायला नको, आमच्या पोराचं नाव चव्हाट्यावर का आणलं."

म्हणजे घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. केराबाईंना राजी करायचं होतं, आणि ते काम माझ्या गळ्यात आलं.

वळसंगला गेले तेव्हा केराबाई वाड्यात मेंढरांना पाला घालत होत्या. वाडा म्हणजे काट्यांच्या कुंपणाचा, मेंढरांचा. मला बघून त्यांनी घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. मी सगळं समजावलं. पासपोर्ट काय, प्रश्न काय, पुरवणी काय. पंचविसाचा पाढा पाठ करून घेतल्यासारखं दोनदा सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला येक इचारते. दिल्लीवाले म्हंत्यात मल्हार तितं न्हाय. व्हय का न्हाय?"

"व्हय, पण..."

"मंग मेलेल्यांत बी न्हाय की."

पालथ्या घड्यावर पाणी, असं मनात म्हणाले खरं, पण केराबाई वेड्या नव्हत्या. दोन पोरं गमावलेल्या बाईनं तिसरं ज्या युक्तीनं वाचवलं, ती युक्ती ती सोडेल कशी? त्यांचा माझ्यावर राग नव्हता. उलट मलाच समजावत होत्या. "त्ये नाव म्या सोताच्या हातानं सोडलंय. आता सरकारनं मोठ्यानं हाक मारली, आन् त्येनं ओ दिली, मंग? तुमी भरून देनार हाय का माझं लेकरू?"

"आत्ती," सुकन्या मागून म्हणाली, "मला कळाय पायजे."

"तुला कशाची घाई हाय गं?"

"घाई न्हाय. मला झोप न्हाय."

शेवटी श्रीमंतनीच तोडगा काढला. बिरुदेवाला कौल लावू, देव सांगेल ते खरं. मला असल्या गोष्टींचा भयंकर राग येतो. शाळेत मी पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावायची. पण त्या दुपारी मीही देवळात जाऊन मुकाट्यानं मांडी घालून बसले. पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर नाव घ्यायला होकार, डावी पडली तर नकार. आम्ही बघत बसलो. भंडाऱ्याचा वास, बाहेर एक शेरडू ओरडतंय, आणि पाकळ्या जागच्या जागी. एकही पडेना. वाळत आल्या तरी पडेनात. पुजारी म्हणाला, "देव आज बोलंना झालाय."

"म्हंजी न्हायच," केराबाई उठल्या.

"न्हाय म्हणला न्हाय की त्यो," सुकन्या म्हणाली.

सासू-सुनेनं एकमेकींकडं बघितलं, आणि मला वाटलं, आता इथं काहीतरी तुटतंय. केराबाई पदर सावरत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुकन्या एकटी एसटीनं सोलापुरात आली. सोनमला माझ्या शेजारणीकडं सोडली आणि म्हणाली, "चला बाई, कचेरीत." मागोमाग श्रीमंतही आले. बायकोला न सांगता आलेले दिसत होते. पंचाक्षरींनी पेन उघडलं. "हं, पूर्ण नाव सांगा."

सुकन्येनं पदर डोक्यावर घेतला. ओठ हलले, आवाज नाही. मी म्हटलं, मी सांगते. पंचाक्षरी म्हणाले, नको, घरच्यांनीच. ती खिडकीबाहेर बघायला लागली. सात रस्ता चौकातल्या रिक्षा, बसचे हॉर्न. मग तिनं डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, "इंद्रजीत श्रीमंत व्हनमाने." श्रीमंतनी दोन्ही कान धरले. सुकन्या घामानं भिजली होती. लग्नाला सहा वर्षं झाली, नवऱ्याचं नाव पहिल्यांदा तोंडातून आलं, ते असं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचीच मला चीड आली.

बाहेर पडताना मी श्रीमंतना म्हटलं, "केराबाईंना सांगा. त्या दिवशी टीव्हीवर ऐकून कळण्यापेक्षा आधी घरात कळू दे."

"सांगतो की," ते म्हणाले. घसा न खाकरता म्हणाले, म्हणून मला खरं वाटलं.

प्रश्नाचा दिवस उजाडला. गावात त्या दिवशी सकाळची लाईट नव्हती, म्हणून सगळे माझ्याकडं आले. केराबाईंनी येताना भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून आणली होती, लुगडं ठेवणीतलं नेसल्या होत्या. सोफ्यावर बसा म्हटलं तर खालीच बसल्या, टीव्हीच्या अगदी पुढ्यात. "आज मल्हारचं इचारत्यात न्हवं?" त्यांनी मला विचारलं. मी श्रीमंतकडं बघितलं. ते छताच्या पंख्याकडं बघत होते. तेव्हाच मला कळलं की ह्या माणसानं काही सांगितलेलं नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर सभागृह आलं आणि केराबाईंनी पडद्याला हात जोडले.

परराष्ट्रमंत्री उभे राहिले. कपडे असे की एक सुरकुती नाही. आवाज गोड, हातात निळी फाइल. आधीचे प्रश्न चालले होते. कुठल्याशा व्यापार कराराबद्दल कोणी विचारलं, तर त्यांनी इतकं लांबलचक सांगितलं की करार झाला की मोडला तेच कळेना. ताकास तूर लागू दिली नाही. मग कोणीतरी सीमेच्या वादावरून ओरडलं, कोणी कागद फडकावले, अध्यक्ष 'बसा, बसा' म्हणत राहिले. माझ्या वर्गात असला गोंधळ झाला असता तर मी सगळ्यांना उन्हात उभं केलं असतं.

मग आमचा प्रश्न आला. मंत्र्यांनी आकडे वाचले. इतके गेले, इतके सोडवून आणले, इतके मयत, इतक्यांचा शोध सुरू. दलालांवर कारवाई चालू आहे, मित्रदेशाशी सर्वोच्च पातळीवर बोलणं चालू आहे. मधेच एक बाई खासदार उठल्या. त्यांनी विचारलं, ही पोरं जातात कशाला, इथं त्यांना पोटाला मिळत नाही म्हणूनच ना? मंत्री हसून म्हणाले, हा विषय देशांतर्गत रोजगाराचा आहे, तो माझ्या खात्याचा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरातून बाहेर पडेस्तोवर पोरगं एका खात्याचं, विमानात बसलं की दुसऱ्याचं, आणि मधे त्याची आई कुठल्या खात्यात येते, ते विचारायला कोणी नाही.

"काय म्हनला त्यो?" केराबाईंनी विचारलं. त्यांना हिंदी जेमतेम कळायचं.

"अजून आपलं नाही आलं," मी म्हटलं.

आमचे खासदार उभे राहिले. कागद डोळ्यांजवळ धरला. "अध्यक्ष महोदय, माझ्या सोलापूर जिल्ह्यातला एक तरुण, त्याची आई, त्याची पत्नी उत्तराची वाट बघताहेत. इंद्रजीत श्रीमंत व्हनमाने. मंत्रिमहोदयांनी ह्या इंद्रजीतबद्दल सांगावं."

ह्यासाठी हिंदी कळायची गरज नव्हती. केराबाईंनी दोन्ही हातांनी कान दाबून धरले. पण नाव आत शिरलेलं होतं. त्यांनी मान वळवली आणि आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघितलं. पडद्यावर मंत्र्यांच्या हातात मागच्या अधिकाऱ्यांकडून एक चिठ्ठी आली. मंत्र्यांनी ती वाचली, चष्मा काढला. सभागृहातला गलका थोडा कमी झाला.

"मला अतिशय खेदानं सांगावं लागतंय," मंत्री म्हणाले, "की माननीय सदस्यांनी ज्यांचं नाव घेतलं, त्यांच्या मृत्यूची संबंधित सरकारनं पुष्टी केली आहे. पार्थिव आणण्याची व्यवस्था सुरू आहे. कुटुंबाच्या दुःखात सरकार सहभागी आहे." ते खाली बसले. अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला. पुढचा प्रश्न परदेशातल्या योगवर्गांचा होता.

मी टीव्ही बंद केला. घरात कोणी रडलं नाही. मला वाटलं होतं हंबरडा फुटेल, मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. पण केराबाईंना मरणाचं काही विचारायचंच नव्हतं.

"नाव कुनी सांगितलं?" त्या म्हणाल्या.

श्रीमंत उठून गॅलरीत गेले. गेले म्हणजे पळाले. एवढा उंच माणूस, पण त्या क्षणी मला त्याला कानाला धरून परत आणावंसं वाटलं.

"म्या," सुकन्या म्हणाली.

"तुज्या तोंडानं?"

"व्हय आत्ती. माज्या तोंडानं."

केराबाई भाकरीचं फडकं आवरायला लागल्या. गाठ घट्ट मारली. "त्यो बसला हुता कुटं तरी लपून. तू हाक मारलीस आन् त्येनं ओ दिली." एवढंच बोलल्या आणि जिन्यानं खाली उतरून गेल्या. त्यांना एसटी स्टँड कुठल्या दिशेला आहे तेही नीट ठाऊक नव्हतं. श्रीमंत मागून धावले.

सुकन्या जागची हलली नाही. तिनं विचारलं, "बाई, पुष्टी म्हंजी काय हो?" तिला माहीत होतं. तरी मी सांगितलं. मग मात्र ती रडली. तिला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं, आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले होते. सोनम आतून पळत आली आणि आई रडते म्हणून तीही रडायला लागली.

पुढं पार्थिव आलं. हैदराबादच्या विमानतळावरून ॲम्ब्युलन्सनं आणलं. सोबत नायब तहसीलदार, एक पोलीस, आणि लाकडी पेटी. पेटीला पत्र्याचं अस्तर, वर शिक्के, आणि परदेशी अक्षरांच्या खाली इंग्रजीत नाव. 'उघडू नये' अशी वरून सूचना होती. गाव गोळा झालं होतं. मीही गेले होते. बायका रडायची तयारी करून आल्या होत्या, सगळ्यांची नजर केराबाईंच्या दाराकडं.

केराबाई बाहेर आल्या. डोळे कोरडे. त्यांनी ड्रायव्हरला पाणी दिलं, पोलिसाला दिलं. मग नायब तहसीलदारांना विचारलं, "कुनाचं हाय ह्ये?"

"आजी, तुमचा मुलगा. इंद्रजीत श्रीमंत व्हनमाने."

"मंग हितं कशाला आनलं? त्यो तर लहानपनीच गेला. म्या सोता शिवेवर सोडून आले. गावाला इचारा." त्यांनी गावाकडं हात केला. म्हाताऱ्या बायकांनी माना खाली घातल्या, कारण ते खरंच होतं. "माज्या लेकाचं नाव मल्हार. त्येची पेटी असंल तर दावा. ही ज्याची असंल त्येला नेऊन द्या. कुनाची तरी आई वाट बघत असंल."

नायब तहसीलदार तरुण होता. तो माझ्याकडं बघायला लागला, कारण तिथं चष्मा लावलेली मी एकटीच. पेटी उघडता येत नव्हती. उघडली असती तरी आत काय निघालं असतं देव जाणे. सही श्रीमंतनी केली. त्यांच्याच रानाच्या बांधाला पेटीसकट माती दिली. केराबाई आल्या नाहीत. त्या वेळी त्या मेंढरांना पाणी दाखवत होत्या, आणि मेंढरांच्या ओरडण्याचा आवाज बांधापर्यंत येत होता.

खरी गंमत पुढं झाली. गंमत म्हणते, कारण दुसरा शब्द सुचत नाही. संध्याकाळी दोघी-तिघी बायका सुकन्येच्या बांगड्या उतरवायला आल्या, तर केराबाईंनी त्यांना दारातून हाकलून दिलं. "माज्या लेकाच्या जित्तेपनी हिच्या बांगड्या फोडताय?" स्वतः जाऊन सुनेच्या कपाळावर कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. विधवेच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये म्हणून मी उभी हयात गावोगाव भाषणं ठोकली. आता कोणी फोडत नव्हतं, कोणी पुसत नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं. सुकन्या कुंकू लावून घेत होती आणि दाताखाली ओठ धरून बसली होती. तिला रडायची परवानगी नव्हती. रडली असती तर नवरा मेला असं झालं असतं. केराबाईंनी तिला नाव घेतल्याबद्दल माफ केलं होतं. त्यांच्या लेखी काही झालंच नव्हतं. ताटात रोज एक भाकरी जास्तीची पडायला लागली, मल्हारची.

मी सुकन्येला म्हटलं, माझ्याकडं ये राहायला, सोनमला इथल्या शाळेत घालू. ती 'बघते' म्हणाली. मृत्यूचा दाखला हातात होता, सगळे शिक्के होते. म्हटलं, पोरगी सुटेल हळूहळू ह्यातून. शेवटी तिनं उत्तर मागितलं होतं, आणि उत्तर सरकारी होतं.

मग परवा ती आली. अंगावर हिरवी साडी, हातात बांगड्या, कपाळाला कुंकू. सोनमचा हात धरलेला. मी चहा ठेवला. ती नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली. वाळली होती, पण तोंडावर कसलीशी धग होती, मला ती बरी वाटली नाही.

"बाई, पेटी लई हलकी हुती," ती म्हणाली. "ज्येंनी उचलली त्ये सगळे म्हंत्यात."

"सुकन्या, ऐक माझं..."

"न्हाय, ऐकते की मी. पन कुनी उगडून बघितली न्हाय, व्हय का न्हाय? नुसतं नावच तेवढं बघितलं. आन् नाव काय, कुनाच्या बी अंगाला चिकटवतील त्ये."

ती केराबाईंच्या आवाजात बोलत होती. मला घाबरायला झालं. "तुला कळायला पाहिजे होतं ना गं? तूच म्हणाली होतीस, मधलं जमत नाही म्हणून."

"जमतंय आता," ती म्हणाली. मग पुढं सरकली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाई, पुन्यांदा अधिवेशन भरतंय न्हवं? पंचाक्षरी सायबांना सांगा की. आनी येकदा इचारा म्हनावं. ह्या बारीला मल्हार नावानं."

"अगं, मल्हार नावाचं उत्तर आधीच आलंय ना? अशा नावाची व्यक्ती नाही म्हणून. पुन्हा तेच येईल!"

"त्येच यिऊ द्या की, बाई," सुकन्या म्हणाली. "दरसाल त्येच यिऊ द्या. न्हाय म्हनत्यात तंवर त्ये मेलेल्यांत न्हाईत."